दाव्यांचे रुमाल रद्दीत घालू नका : संचालक मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळातले सगळे सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

मी गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी येऊन तुमच्याकडे आलेल्या एका जुन्या वकीलसाहेबांच्या दप्तराची, म्हणजे त्यांच्या कागदपत्रांची, यादी करतेय. तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात, मागच्या खोलीत खिडकीपाशी मोडी अक्षर लावत बसलेली असते ती मीच. संस्थेचं, गावाचं आणि वकीलसाहेबांचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये कारण मला कोणाला उघडं पाडायचं नाही, मला फक्त एक निर्णय थांबवायचाय, आणि तो माझ्या एकटीच्या तोंडी सांगण्याने थांबेल असं वाटत नाही म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

परवा ऑफिसमधे कळलं की दप्तराची छाननी करायचं ठरतंय. म्हणजे पुढाऱ्यांची आलेली पत्रं, म्युनिसिपालिटीच्या आणि सभांच्या कामाचे कागद आणि साहेबांच्या डायऱ्या ठेवायच्या, आणि दाव्यांचे जे शंभराच्या वर रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत त्यातले नमुन्याला पाच-दहा ठेवून बाकीचे काढून टाकायचे. कारण असं दिलं गेलं की जागा नाही, वाळवीची भीती आहे, आणि त्या रुमालांत आहे काय तर बांधाची भांडणं आणि कर्जाचे रोखे, त्याला ऐतिहासिक महत्त्व काय. जागेचं आणि वाळवीचं मला पटतं, त्यावर खाली लिहिलंय. पण ऐतिहासिक महत्त्वाबद्दल माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जागा कमीच असेल तर आधी दाव्यांचे रुमाल ठेवा, पुढाऱ्यांच्या पत्रांचं नंतर बघू.

ती पत्रं मी सगळी वाचलीत. जपण्यासारखीच आहेत. पण बरीचशी सभेला येतो, वर्गणी पोचली, प्रकृती बरी नाही अशा मजकुराची आहेत, आणि त्या मोठ्या माणसांचे कागद बाकी चार ठिकाणी जपलेले आहेत, त्यातलं कितीतरी छापूनही आलंय. रुमालातल्या माणसांचा दुसरा कागदच कुठे नाही. फार तर सातबाऱ्यावर किंवा फेरफाराला नाव सापडेल, बाई असेल तर बहुतेक वेळा तेही नाही.

एक रुमाल सोडला की काय निघतं ते ज्यांनी स्वतः सोडून बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. वर कापड, गाठीला चिठ्ठी, चिठ्ठीवर वादी-प्रतिवादीचं नाव, गाव, दाव्याचा नंबर, साल. आत वकीलपत्र, दाव्याची नक्कल, समोरच्याची कैफियत, दस्तऐवजांची यादी, निशाणी म्हणजे पुराव्याचा नंबर पडलेल्या कागदांच्या नकला, साक्षीदारांच्या जबान्या, उलटतपासणीत काय विचारायचं त्याची टिपणं, हुकूमनामा म्हणजे कोर्टाचा शेवटचा आदेश, आणि निकाल आपल्या बाजूने लागला असेल तर दरखास्तीचे कागद, कारण निकाल मिळणं आणि प्रत्यक्ष वसुली होणं यात वर्षंच्या वर्षं जायची. मधे मधे पोस्टकार्डं खोचलेली, अशिलाने गावातल्या कोणाकडून तरी लिहवून घेतलेली, की तारीख कधी आहे कळवावं, पेरणी चालू आहे यायला जमणार नाही. आणि सगळ्यात खाली, जवळजवळ प्रत्येक रुमालात, हकिकतीचा कागद.

माझं सगळं म्हणणं या हकिकतीच्या कागदावर उभं आहे त्यामुळे तो काय असतो ते नीट सांगते. अशील पहिल्यांदा दारात आला की त्याला बसवून काय झालं ते सांगायला लावायचं आणि तो जसं बोलेल तसं कारकुनाने मोडीत भराभर उतरवून घ्यायचं. त्यावरून मग साहेब दाव्याचा मसुदा करायचे. हकिकत कोर्टात कधीच जात नाही. ती वकिलाकडेच राहते. त्यामुळे कोर्टाचं रेकॉर्ड अगदी शंभर टक्के शाबूत असलं तरी हा कागद त्यात नसणारच.

एक रुमाल सांगते, नावं न घेता. १९२० च्या दशकातला दावा आहे, एका विधवा बाईचा, सासरच्यांवर अन्नवस्त्राचा. तेव्हा एकत्र कुटुंबातल्या विधवेला मिळकतीत वाटा मागताच येत नव्हता, १९३७ च्या कायद्याने थोडाफार हक्क आला, तोही हयातीपुरता, आणि पूर्ण मालकी तर थेट १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, म्हणजे तिच्या हातात अन्नवस्त्र मागणं एवढंच होतं. कोर्टात गेलेला दावा तसल्या कुठल्याही दाव्यासारखा आहे. वादी ही अमक्याची विधवा, प्रतिवादीकडे इतकी जमीन, वादीस राहण्यास जागा व पोषणास रक्कम मिळावी, खर्च प्रतिवादीवर बसवावा. तीन पानं. हकिकतीचा कागद अकरा पानांचा आहे. त्यात बाई दिव्याच्या तेलाबद्दल बोलते. रात्री खोलीत दिव्याला तेल देत नाहीत हे तिने तीन वेळा सांगितलंय, वेगवेगळ्या गोष्टी सांगता सांगता परत परत तिथेच आलीये, आणि कारकुनाने तिन्ही वेळा ते लिहिलंय, गाळलं नाही. मग दाव्याचा कच्चा मसुदा आहे, त्यात दिव्याचं एक वाक्य आहे आणि त्यावर साहेबांच्या हातची आडवी रेघ आहे. समासात काही लिहिलेलं नाही, नुसती रेघ. पक्क्या दाव्यात दिवा नाही. त्यांनी का काढलं ते मला समजतं, कोर्ट दिव्यावर हुकूम देणार नव्हतं, रकमेवर देणार होतं, आणि वकील म्हणून त्यांनी योग्यच केलं. पण ती बाई मुळात काय सांगायला आली होती ते आज हकिकतीत आणि त्या रेघेखालीच वाचता येतं, कोर्टात गेलेल्या कुठल्याही कागदावर वाचता येत नाही.

आणि या दाव्यात निकालच नाही. पुरसीस देऊन, म्हणजे कोर्टाला तसं लेखी कळवून, दावा काढून घेतलाय. कोर्टाच्या रोजनाम्यावरून कोणालाही एवढंच कळलं असतं की बाईने दावा काढून घेतला, मग कोणी म्हटलं असतं घाबरली, कोणी म्हटलं असतं खोटाच होता. रुमालात एक चिठ्ठी आहे, गावातल्या चौघांच्या सह्या आणि अंगठे असलेली, की बाईने अमुक खोलीत राहावं, वर्षाला इतके मण जोंधळे मिळावेत, आणि दिव्याला तेल. मसुद्यातून गेलेलं तेल चिठ्ठीत परत आलंय. हे मला कळलं तेव्हा मी अर्धा तास पुढचा कागद उचलू शकले नाही.

असं सगळ्या रुमालांत आहे असं मी म्हणत नाही. कितीतरी रुमाल कंटाळवाणे आहेत, रोखा, मुदत, व्याज, हुकूमनामा, संपलं. पण कुठल्या रुमालात काय आहे हे गाठ सोडल्याशिवाय कळत नाही आणि तुम्ही नमुन्याचे पाच-दहा निवडणार म्हणजे कशावरून निवडणार, चिठ्ठीवरच्या नावावरून? या बाईच्या रुमालाची चिठ्ठी बघून कोणीही तो ठेवला नसता. मीही नसता ठेवला.

मीटिंगमधे कोणीतरी म्हणालं म्हणे की कोर्टाकडे असेलच की हे सगळं. नसतं. कोर्टाचं रेकॉर्ड वर्गवारी करून ठरावीक मुदतीपर्यंत ठेवतात आणि मुदत संपली की नष्ट करतात, त्यासाठी १९१७ चा वेगळा कायदाच आहे, आणि यात कोणाची चूक नाही, दर वर्षी येणारे कागद कुठलंही कोर्ट कायमचे ठेवू शकत नाही. निकाल, हुकूमनामे जास्त टिकतात, पुराव्याचे आणि किरकोळ अर्जांचे कागद आधी जातात. म्हणजे खालच्या कोर्टातल्या एखाद्या शंभर वर्षांपूर्वीच्या दाव्यात साक्षीदार काय बोलले ते कळायचा मार्ग बहुतेक वेळा एकच उरतो, दोन्हीपैकी एखाद्या वकिलाच्या घरचं दप्तर. आणि वकिलांच्या घरची दप्तरं कशी गेली ते आपल्याला माहिती आहे, वाडे पडले, १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत काही गेली, पुरात गेली, मुलं शहरात गेली आणि माळा रिकामा केला तेव्हा गेली. हे दप्तर या सगळ्यातून वाचून तुमच्यापर्यंत आलंय.

आता ते कर्जाचे रोखे, ज्यांना महत्त्व नाही असं म्हटलं गेलं. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांच्या विरोधात उठाव झाला आणि पुणे-नगर भागात पसरला, आपण शाळेत दख्खनचे दंगे म्हणून शिकलो. त्या दंग्यात लोकांनी मुख्य काय केलं तर सावकारांची खतं, रोखे, वह्या काढून जाळल्या. माणसं फारशी मारली नाहीत, कागद जाळले. कारण कर्ज त्या कागदात होतं आणि तो कागद आपल्याला वाचता येत नाही हे लोकांना पक्कं माहिती होतं. सरकारने कमिशन नेमलं आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. त्या कायद्यात एक फार महत्त्वाची गोष्ट होती, कोर्टाने नुसता रोखा बघून हुकूमनामा द्यायचा नाही, तर रोख्याच्या मागे जायचं, देवघेव पहिल्यापासून कशी झाली, मुद्दल किती, व्याज किती, मधे काय फेडलं, जुन्या रोख्याचा नवा रोखा कधी केला, हे सगळं तपासायचं आणि हप्ते बांधून द्यायचे.

म्हणजे त्या कायद्याखालच्या प्रत्येक दाव्यात एका शेतकरी घराच्या वीस-पंचवीस वर्षांच्या कर्जाचा हिशोब मांडलेला असतो. बैल मेला म्हणून घेतलं, लग्नाला घेतलं, शेतसाऱ्याला घेतलं, जुनं व्याज मुद्दलात धरून नवीन रोखा. आपले वकीलसाहेब १८९० च्या दशकात सनद घेऊन बसले आणि १९३० च्या दशकापर्यंत काम करत होते, हा कायदा त्यांच्या जवळजवळ सगळ्या कारकिर्दीत चालू होता, त्यामुळे यादीतले निम्म्याहून जास्त रुमाल याच प्रकारचे आहेत. एकेक सुटा बघितला तर रोखाच आहे. पण एकाच तालुक्यातले, एकाच वकिलाकडचे, चाळीस वर्षांचे सलग असे हिशोब एकत्र असणं ही गोष्टच वेगळी आहे. कुठल्या गावात कुठल्या साली कर्ज वाढलं, दुष्काळानंतर किती वर्षांनी जमीन गेली, कोणाची गेली आणि कोणाकडे गेली, हे त्यावरून मांडता येईल. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांबद्दल सरकारी रिपोर्ट आहेत, पण रिपोर्टात तालुक्याची बेरीज असते, इथे घरं आहेत. पाच-दहा नमुने ठेवले की हे सगळं संपलं, नमुन्यावरून सलगपणा कळत नाही.

आणि हो, साहेब दोन्ही बाजूंनी उभे राहिलेत, कर्जदार कुळांच्याही आणि सावकारांच्याही, आणि सावकारांचे दावे जास्त आहेत. हे मला लपवायचं नाही. साहेबांच्या घरच्यांनाही कदाचित हे आवडणार नाही आणि छाननीत हे रुमाल गेले तर मागे सभांची पत्रं आणि राष्ट्रकार्य एवढंच राहील, पण मग तो त्यांचा खरा इतिहास नसेल. फीच्या वहीत काही नावांपुढे रक्कम कधी भरलेलीच नाही, ते कोण होते हे बघायचं असेल तरीही वही आणि रुमाल दोन्ही समोर लागतात, नुसत्या वहीवरून कळत नाही.

छोट्या गावच्या वकिलाचे कागद कोणी एवढे मनावर घेतं का, तर घेतं. अब्राहम लिंकन १८३७ पासून अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डमधे वकिली करायचे, तेव्हा ते लहानसंच गाव होतं, आणि आसपासच्या कोर्टांत घोड्यावरून, गाडीतून फिरायचे. त्यांच्या वकिलीचे कागद शोधायला इलिनॉयमधल्या लोकांनी कितीतरी वर्षं कोर्टांची जुनी रेकॉर्डं चाळली आणि २००० साली ते सगळे एकत्र प्रसिद्ध केले, पाच हजारांहून जास्त प्रकरणं निघाली. त्यात सगळ्यात जास्त प्रकरणं कसली होती, तर देण्याघेण्याची. हेच रोखे आणि बाकी. त्यांनी ती गाळली नाहीत. आणि तिथे जे कागद सापडले नाहीत त्यातले बरेच असे गेले की आधीच्या लोकांनी सही असलेले तेवढे आठवण म्हणून काढून घेतले, म्हणजे मोठं नाव बघून निवड केली आणि बाकीच्या फाईलची वाट लागली.

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर महाडचं आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा, तो सगळ्यांना माहिती आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरमधे महाडच्या कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लागला की तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची पूर्वापार वहिवाट आहे, आणि तो दावा अपिलं होत होत मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात संपला, बाबासाहेबांच्या बाजूने. दहा वर्षं. इतिहासातली एवढी मोठी गोष्ट ठरली कुठे, तर तालुक्याच्या कोर्टात, तळं कोणाचं, गाळ कोणी काढला, वहिवाट किती जुनी आणि ती कशाने सिद्ध होते अशा प्रश्नांवर, तिथल्या साक्षीदारांच्या जबान्यांवर. आपल्या रुमालांतही विहिरीचे, पाणवठ्याचे, पाळीच्या पाण्याचे, वतनाच्या जमिनीचे दावे आहेत. त्यातल्या एकाही माणसाचं नाव पुस्तकात नाही, पण वहिवाट हा शब्द त्या काळात कोणाच्या बाजूने आणि कोणाच्या विरुद्ध वापरला जायचा ते त्यात पानोपानी दिसतं. मी अजून ते सगळे लावलेले नाहीत, पाणवठ्याचे तीनच झालेत.

निवड केलेली चालते की, असं तुम्ही म्हणाल. पेशवे दफ्तराचंही इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी निवडक काढून ४५ खंड छापलेच ना. बरोबर आहे आणि ते काम थोर आहे. पण त्यांनी छापायला निवड केली, मागचं दप्तर रद्दीत घातलं नाही. ते पुण्यात पुराभिलेखागारात राहिलं, रुमालांतच राहिलं, आणि म्हणून नंतरच्या अभ्यासकांना बलुत्यांचे, जातपंचायतींचे, बायकांवरच्या तक्रारींचे प्रश्न घेऊन परत त्यात जाता आलं. १९३० साली हे प्रश्न महत्त्वाचे वाटत नव्हते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापायला घेतली ती गावोगाव लोकांच्या घरी जाऊन, माळ्यावरच्या पेट्या उघडून. त्यांचा राग कशावर असायचा, तर घरचे कागद लोक निरुपयोगी म्हणून जाळतात, भिजू देतात यावर. आपण संस्था म्हणून त्यांच्या बाजूचे असलो पाहिजे.

आता क्रमाबद्दल. हे छाननीइतकंच महत्त्वाचं आहे आणि यावर कोणी बोलतच नाहीये. मधे एकदा एका सदस्यांनी प्रेमाने सुचवलं की विषयवार लावूया, सगळी गहाणखतं एकत्र, सगळी मृत्युपत्रं एकत्र, पोस्टकार्डं अल्बममधे. कृपा करून असं करू नका. बाईच्या रुमालातली ती चिठ्ठी चिठ्ठ्यांच्या फाईलला गेली असती तर ती कशाची हे कधीच कळलं नसतं, तिच्यावर दाव्याचा नंबर नाही. ती कळली कारण ती त्या रुमालात, हकिकतीच्या वर आणि पुरसिशीच्या खाली होती. कागद कुठून आला याला कायद्यातही वजन आहे, तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला तर तो खरा धरता येतो, पुरावा कायद्याच्या कलम ९० मधे हे होतं आणि २०२४ च्या जुलैपासून नवीन साक्ष्य अधिनियम लागू झाला त्यातही ते कलम ९२ म्हणून आहेच. योग्य ताबा म्हणजे जिथे तो असायला हवा तिथे तो होता. आपण गाठी सोडून ढीग केले की कागद राहतील, पण ते कोणाचे, कशासाठी, हे जाईल.

गुप्ततेचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. अशिलाने वकिलाला सांगितलेलं बाहेर काढायचं नाही हे बंधन वकिली संपल्यावरही सुटत नाही, १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ होतं, आताच्या कायद्यात १३२. हकिकतीचे कागद म्हणजे नेमकं तेच आहे. त्यातल्या घरांचे नातू-पणतू आज गावात आहेत, काहींची भांडणं अजून चालू आहेत. मग जाळून टाकायचं का? माझं म्हणणं, बंद ठेवायचं. इंग्लंडमधे जनगणनेचे घरवार कागद १०० वर्षं उघडत नाहीत, अमेरिकेत ७२ वर्षं, पण म्हणून ते कोणी फाडत नाही, मुदत संपली की उघडतात. आपणही साल ठरवू, त्याच्या पुढचे रुमाल सील करून ठेवू, यादीत फक्त दाव्याचा प्रकार आणि साल लिहू, जुन्या रुमालांवर कोणी लिहिलं तर नावं बदलण्याची अट घालू. दोन वकील आणि एक इतिहासाचे प्राध्यापक बसले तर एका दुपारी हे नियम लिहून होतील.

मूळ दस्तऐवजांचं वेगळं. काही रुमालांत अस्सल खरेदीखतं, वाटणीपत्रं राहून गेलीत, अशील परत न्यायला आलाच नाही. ते कागद वकिलाचे नाहीत आणि आपलेही नाहीत, फी बाकी असली तरी वकिलाला पक्षकाराची फाईल अडकवून ठेवता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. त्यामुळे असे अस्सल कागद छाननीत गेले तर तो नुसता इतिहासाचा तोटा नाही, दुसऱ्याची वस्तू टाकल्यासारखं आहे. ते वेगळे नोंदवून ठेवावेत, वारस आला तर ओळख पटवून द्यावेत आणि रुमालात त्याची नक्कल राहावी. मी आत्तापर्यंत असे सात काढून ठेवलेत, यादीत लाल खूण आहे.

जागा. त्या खोलीत जागा कशाने अडली आहे ते एकदा उभं राहून बघा. रुमाल दोन कपाटांत मावतात. बाकीची अख्खी भिंत लॉ रिपोर्टरांनी, म्हणजे कोर्टांच्या निकालांच्या छापील खंडांनी, भरलीये, इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका, बॉम्बे लॉ रिपोर्टरचे १८९९ पासूनचे खंड, कायद्यांच्या जुन्या आवृत्त्या. ते छापील आहेत, मोठ्या लायब्ररीत आहेत, बरेच आता कॉम्प्युटरवर मिळतात. ते कुठल्या तरी लॉ कॉलेजला द्या. फक्त द्यायच्या आधी एकेक पान उलटून बघायला हवं कारण साहेबांनी समासात बरंच लिहिलंय, तसे खंड ठेवू, ते दहा-पंधराच निघतील. एवढं केलं की भिंत मोकळी झाली.

वाळवीचं म्हणाल तर कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायची आणि खालची फळी रिकामी ठेवायची, हे तर बिनखर्चाचं आहे. टाचण्या काढायला पाहिजेत, गंजून कागद खातायत. सेलोटेप लावायचा नाही, मागे कोणीतरी प्रेमाने लावलाय तिथे कागद पिवळा पडून सुटलाय. लॅमिनेशन तर नकोच. जुना हातकागद अजून छान आहे, वाकवला तरी मोडत नाही, खरी काळजी १९०० नंतरच्या गिरणीच्या कागदाची आहे, तो कडेने तुटतोय, त्याचे फोटो आधी घेऊ. फोटो साध्या मोबाईलवर येतात, आधी गाठीची चिठ्ठी, मग वरपासून खालपर्यंत आहे त्याच क्रमाने, कोरी मागची बाजूसुद्धा, कारण ती बरेचदा कोरी नसते. पण फोटो झाले म्हणून मूळ टाकायचं असं कोणी म्हणू नका, त्या विधवा बाईच्या मसुद्यातल्या रेघेची शाई वाक्याच्या शाईपेक्षा वेगळी आहे हे मला कागद उजेडात धरल्यावर कळलं, फोटोत दोन्ही काळ्याच आल्या होत्या.

माणसं कमी आहेत हे मान्य आहे. मोडी वाचणारे फारच थोडे उरलेत. पण पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, मी तशाच वर्गात शिकले, माझ्याबरोबर शिकलेले चार-पाच जण सरावाला कागद शोधत असतात, त्यांना मी आणू शकते. आणि सगळं मोडी नाहीच, जबान्या बऱ्याचशा बाळबोधीत म्हणजे देवनागरीत आहेत, त्या कॉलेजची मुलंही उतरवून काढतील. तालुक्याच्या बार असोसिएशनला एक पत्र टाका, जुन्या वकिलांना दाव्यांचे प्रकार आणि संक्षेप कळतात, मला एकटीला मुदतबंद गहाण आणि ताबेगहाण यातला फरक समजायला महिना गेला, ज्यांचं आयुष्य त्यात गेलंय ते पाच मिनिटांत सांगतील.

माझी मागणी एवढीच, की छाननीचा ठराव पुढच्या मीटिंगला घेऊ नका, निदान यादी पूर्ण होईपर्यंत. आणि मतदानाच्या आधी प्रत्येक सदस्याने एक रुमाल, कुठलाही, स्वतःच्या हाताने सोडून पूर्ण बघावा, मी शेजारी बसून वाचून दाखवेन. वाचल्यावर ज्यांना टाकावासा वाटेल त्यांनी तसं मत द्यावं, मी काही बोलणार नाही.

दुसऱ्या कपाटातल्या मधल्या फळीवरचे सतरा रुमाल अजून यादीत आलेले नाहीत, त्यांच्या गाठीच सोडलेल्या नाहीत. पुढचे दोन रविवार मी सकाळपासून येऊन तेवढी यादी संपवते. तोपर्यंत ते खाली पोर्चमधे नेऊन ठेवू नका, पाऊस तिथे आत येतो. किल्ली ऑफिसमधे ठेवा, मी येऊन घेईन.

आपली नम्र,
मागच्या खोलीत यादी करणारी